कुंचीचं माप

आई,

आज तुझं हिरवं लुगडं ट्रंकेतून काढलं. पलंगावर पसरलं, कात्री शेजारी ठेवली आणि सकाळपासून तशीच बसून आहे.

तुझी नात बल्गेरियात डॉक्टरकी शिकायला गेली, ते तू गेल्यावर. तिथंच तिनं लग्न केलं. आता तिला मुलगी झाली, दिवस भरायच्या फार आधी. बाळ काचेच्या पेटीत आहे. पेटीला गोल झरोके आहेत. त्यातून आईनं हात आत घालायचा, तोही परवानगी मिळाली तर.

तिच्या सासूनं बाळासाठी सदरा भरलाय. फोटो आला. पांढरं जाडसर कापड, त्यावर लाल धाग्याचे बारीक टाके: गळ्याभोवती, बाह्यांच्या तोंडाशी, खालच्या काठाला. मधे सगळं कोरं. मी पोरीला विचारलं, "मधलं भरायचं राहिलं का गं?"

"नाही. कापड जिथं उघडं, तिथूनच वाईट आत शिरतं म्हणे. म्हणून राखण तिथंच. इथल्या जुन्या बायका असंच भरतात."

बाळाला नळ्या लावल्यात, अंगावर कपडा चालत नाही. सदरा घडी करून पेटीवर ठेवलाय. मग पोरगी म्हणाली, "आई, आजीच्या लुगड्याची कुंची पाठव ना. तीही ठेवीन. आपल्याकडचं काहीच नाही तिच्याजवळ."

"माप?"

"माप कसं घेऊ? डोक्याला हात लावू देत नाहीत."

काष्टी गावातला आपला ओटा आठवतो. कुणाची तरी सासू तान्हं पोर पदराखाली झाकून आणते, सोबत आपलं विरलेलं लुगडं. तू पोराच्या कपाळापासून मानेपर्यंत हात ठेवतेस. "डोकं बापावर गेलंय गं, कापड पुरंना," म्हणतेस, आणि सगळ्या हसतात. टेप तू कधी घेतली नाहीस. मला सातवा लागला होता, तेव्हा मी हौसेनं झबलं बेतायला घेतलं, तर तू हातातून कापड ओढलंस. "पोर बघितलंस का? मग कुणाच्या मापाचं कापतीस? आधी हातात तर येऊ दे. लई शिकलीस म्हनून काय झालं!"

पोरीच्या सासूनं तो सदरा हिवाळाभर भरला, बाळ पोटात असताना. फोटो बघितल्या क्षणी हेच मनात आलं, आणि जात नाही. ती बिचारी दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून असते. माझी चौकशी करते म्हणे.

बाळ मी मोबाईलवर बघितलंय. ते बघणं धरायचं का, हे तुलाच विचारायला हवं होतं. दोन बोटांनी चित्र ताणलं की ती मोठी होते, सोडलं की लहान. हाताला काहीच लागत नाही. छोटी कुंची शिवावी तर बाळ तेवढंच राहील अशी भीती वाटते. मोठी शिवावी तर ती कुणाच्या डोक्यावर चढणारच नाही असं वाटतं. इतकी वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि वीतभर कापडापुढं बुद्धी चालत नाही.

काल पोरीनं विचारलं, "झाली का कुंची?"

लुगडं अजून ट्रंकेतच होतं, आणि मी म्हणाले, "कालच कुरियरला दिली."

"बरं झालं," ती म्हणाली. सासूला सांगून तिनं सदरा थोडा सरकवलाय. पेटीवर जागा केली आहे.