टूहीचा उजवा हात

मी, एमिल ब्रॉकमन, वय एकाहत्तर, धंदा पाट्या रंगवणे, राहणार सिनसिनाटी, ओहायो, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दारू सोडून अकरा दिवस झालेत, डॉक्टरला विचारा. आधीची मृत्युपत्रं मी स्वतः जाळली आहेत.

१. घर माझी मुलगी विल्मा हिला. मागच्या दाराला लाथेने पडलेलं भोक माझंच आहे, ते तिने बुजवून घ्यावं.

२. मेव्हणा ऑगस्ट याला काहीही देऊ नये. माझ्या बायकोच्या दफनाच्या दिवशी त्याने मला ठोसा मारला, मी त्याचे दोन दात पाडले. आमचा हिशेब तिथेच मिटला.

३. दुकान, सगळे ब्रश आणि रंग माझा जुना भागीदार रेमंड टूही याला. कारण लिहिणं भाग आहे.

सत्तेचाळीस साली छापखान्यांसाठी नव्या टाइपाचं, म्हणजे छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांचं, पत्रक आलं. त्यात माझी अक्षरं! खाटकाच्या काचेवर 'आज ताजी सॉसेज' म्हणून घाईत, तिरकी, ब्रश न उचलता मारायचो तीच. माझ्या हातून एका शब्दातली दोन अक्षरं कधी जुळी निघाली नाहीत, इथे सगळी साच्यातली. आता ती शाम्पूच्या बाटलीवर असतात, मेनूवर असतात, मयताच्या कार्डावरसुद्धा असतात. आमच्यात पाटीवर कोणी सही करत नाही, हातावरून माणूस ओळखतात. पत्रकातल्या 'आर'चा पाय बाहेर फेकलेला होता. ती खोड टूहीची, म्हणजे माझ्या अक्षरांची नक्कल करून त्यानेच विकली असं मी धरलं.

"कुणाला विकलीस रे हरामखोरा?"

"एमिल, देवाशपथ, मी नाही."

मी त्याचा उजवा हात टेबलावर दाबला आणि हातोडीचे चार घाव घातले. चौथ्याला हाड मोडल्याचा आवाज आला. पोलिसांना त्याने सांगितलं, शिडीवरून पडलो.

४. गेल्या महिन्यात विल्मा म्हणाली, "पपा, टाइप बनवणाऱ्या कारखान्याला ती अक्षरं मी लिहून पाठवली होती. तुमचा हात सगळ्यांनी बघावा म्हणून. 'आर' मला टूहीकाकांनी शिकवला होता."

"दहा वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुमच्या हातात हातोडी बघितली होती मी."

माझा हात उठला. एकोणतीस वर्षांच्या बाईने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मला स्वतःची किळस आली.

५. मी टूहीकडे गेलो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पत्रक बघताच ओळखलं होतं मी, पोरीचं काम आहे. तोंड उघडलं असतं तर तू तिच्याकडे वळला असतास."

म्हणजे मी घाव घालत होतो तेव्हाही त्याला माहीत होतं.

६. माझ्या थडग्याच्या दगडावरचं नाव टूहीने डाव्या हाताने लिहावं. वाकडं आलं तर वाकडं कोरावं. त्याची इच्छा नसेल तर त्याला कोणीही गळ घालू नये. दगड कोरा ठेवावा.

माझ्या हाताने, माझ्या सहीने,
एमिल ब्रॉकमन

आमच्यादेखत सही झाली:
क्लेटन वूर्हीस, न्हावी
मिसेस हल्डा प्रॉब्स्ट, शेजारीण

सिनसिनाटी, ९ ऑक्टोबर १९५७