टपोऱ्या डोळ्यांची घडी

३ मार्च
साहेबांनी झापलं. म्हणे, अंत्यविधी सेवेच्या काउंटरवर माणसं रडत उभी असतात आणि तुम्ही डुलक्या काढता. आणखी एक तक्रार आली, तर रवानगी मागच्या शवपेट्यांच्या गोदामात. अहो, मी झोपत नाही! पापण्याच जड आहेत माझ्या. वडिलांच्याही होत्या. त्याला मी काय करणार?

५ मार्च
उपाय सापडला. वरच्या पापणीला घडी पाडायची सर्जरी. डोळा कसा टपोरा दिसतो! व्हिडिओ बघता बघता उजाडलं. दुपारी काउंटरवर डोळे मिटून पद्धतींची तुलना करत होतो, तर साहेबांनी टेबल बडवलं. बायको म्हणते, पापण्या राहू द्या, आधी रात्री झोपत जा. हिला मेडिकलमधलं काय कळतंय.

९ मार्च
डॉक्टरबाईंकडे. चीर देऊन करता येते, नाहीतर नुसते टाके, बारीक छिद्रांतून दोरा ओवून. टाकेच. मी भित्रा नाही, पण उगाच कशाला कापाकापी? बाईंनी पापणीवर तार दाबून घडी दाखवली. घडी जरा खालीच शोभेल म्हणाल्या. मी चांगली वर मागितली. फार वर घेतली तर डोळा पूर्ण मिटणार नाही, म्हणाल्या. म्हटलं, मिटायचाच नाहीये! हसल्या नाहीत. झोप किती, विचारलं. भरपूर म्हटलं. दिवसाची धरून खरंच आहे.

१४ मार्च
झाली. सूज आहे. बायकोनं एकदा बघितलं आणि आतल्या खोलीत गेली. भारावली असणार.

२ एप्रिल
कामावर हजर. साहेबांनी विचारलं, कशाला घाबरलात का? जळतात माझ्यावर. दुपार कशी गेली कळलंच नाही. तक्रार एकही नाही!

७ एप्रिल
गोदाम. इथे खुर्चीसुद्धा नाही.
काल एक म्हातारी नवऱ्याच्या अंत्यविधीची वेळ ठरवायला आली होती. साहेब केबिनच्या काचेतून बघत होते. म्हणाले, ती माझ्याशी किती तरी वेळ बोलत होती, मध्येच डोळे पुसत होती, आणि मी तिच्याकडे टक लावून बघत होतो. त्यांना बरं वाटलं म्हणे. मग तिनं मला हाका मारल्या. मग काउंटरवरून वाकली.
मला आठवतो तो फक्त डोळ्यांवरचा हात. मऊ होता. ती माझ्या पापण्या हलकेच खाली ओढत होती आणि म्हणत होती, जा बाबा, सुखानं जा.
मी दचकून उठलो. ती जी किंचाळली, ती अख्ख्या ऑफिसनं ऐकली.
तक्रार तिनं केलीच नाही. उलट साहेबांना म्हणाली, दमलाय बिचारा, रागावू नका. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.
ती एवढं काय सांगत होती, साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, नवऱ्याबद्दल काहीतरी.