वरवंटा घातलेली बाबागाडी

आण्णा, तुम्ही पणजोबा झालात. आज नववा दिवस. मुलगी आहे, केस भरपूर, आणि कपाळ तुमचं, रुंद आणि जरा रागीट. मायलेकी आतल्या खोलीत झोपल्यात, दुपारची कामं उरकलीत आणि मला काही स्वस्थ बसवत नाही, म्हणून कागद घेतला. काल मी बाबागाडी आणली. ही गोष्ट घरात आणि गल्लीत सगळ्यांना तीन-तीनदा सांगून झाली आहे, आता ऐकायला तुम्हीच उरलात. नऊ महिने मी बाळांच्या सामानाच्या दुकानावरून भाजी घेऊन येताना मान वळवून बघायचे आणि पुढे जायचे. बाळ यायच्या आधी त्याचं काही आणायचं नाही, हे आईनं इतकं बजावलेलं की काचेतल्या गाडीकडे फार वेळ बघायचीही भीती वाटे. मुलगी झाली, नर्सबाईंनी हातात दिली, आणि खोटं कशाला बोलू, तिचं तोंड बघितल्यावर दुसरा विचार मनात आला तो गाडीचाच.

लेकीनं गाडी आधीच ठरवलेली होती. मोबाइलवर दाखवली मला. गुलाबी, तीन प्रकारे वापरता येणारी, चहाचा पेला ठेवायलाही जागा. मी म्हटलं आणते, पण डोळ्यांनी बघून. आणि निघताना स्वयंपाकघरातला वरवंटा धुतला, पुसला, जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला. लेक बघतच राहिली. तिला म्हटलं, रिकामा पाळणा हलवू नये, मग रिकामी बाबागाडी तरी कशी ढकलू? बारशाला आपण पाळण्यात आधी वरवंटा घालतोच की, मी चार दिवस आधी घालते. आपल्या बाळापेक्षा थोडा जड आहे एवढंच. पण खरं कारण ते नव्हतं, आण्णा. खरं कारण तुम्ही होता.

मी सहावी-सातवीत आहे, मे महिन्याची सुट्टी आहे आणि तुमचा डबा घेऊन कुपवाडला तुमच्या ट्रॉल्यांच्या कारखान्यात आले आहे. पत्र्याची शेड तापलेली. नुकतीच रंगवून वाळलेली एक हिरवी ट्रॉली दाराशी उभी आहे. तुम्ही हात धुवायला गेलात तशी मी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवते, लोण्यासारखी चालते, आणि तुमच्यासारखीच खडूनं तिच्यावर बरोबरची खूण करते. तुम्ही परत येता, खूण बघता आणि डबा उघडतच नाही. "ही खूण कुनी केली?" मी ऐटीत हात वर करते. तुम्ही ओतीव बिडाचे जड तुकडे एकेक करून ट्रॉलीत टाकता, मला ढकलायला लावता, आणि पुढचं चाक असं काही वाकडं चालायला लागतं की सगळी शेड हसते. "रिकामी गाडी कुनाचीबी पळती, बाय. वजन टाक, जिथं चालवायची तिथं न्हेऊन बघ, आन् मग खडू हातात घे." रडू आलं होतं मला. तुम्ही खूण पुसलीत आणि तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी मला दिलीत, पण बोललेलं काही मागे घेतलं नाहीत.

तर काल दुकानात मी वरवंटा काढला. मला वाटलं, दुकानदार वेड्यात काढणार. साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी लुगड्याचं गाठोडं बघितलं, पिशवीतून निघालेल्या वरवंट्याचं टोक बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आमची अम्मीबी रिकामा पाळना हलवू द्यायची न्हाई. घाला की." झालं, घोडं गंगेत न्हालं. आधी लेकीची गुलाबी घेतली. पाठ पूर्ण खाली केली तरी मधे खोलगट राहत होती आणि वरवंटा घसरून त्या खळग्यात जाऊन बसला. ज्या बाळानं अजून मान धरलेली नाही त्याची हनुवटी अशानं छातीला टेकणार, श्वास कोंडणार. मग दांडीला माझी भाजीची पिशवी अडकवली तर गाडी मागं उलटायला निघाली. मग मी म्हटलं, चाचा, आता उतारावर. आमची गल्ली तुम्हाला ठाऊकच आहे, किल्ल्याच्या अंगाला, दारातून सुटलेला चेंडू थेट खालच्या चौकात सापडतो. सांगलीसारखी सपाट जमीन आमच्या नशिबी नाही. चाचांच्या दुकानाबाहेरचा रस्ताही तसाच. मी वर ब्रेक लावून गाडी सोडली, चाचा खाली हात पसरून उभे. येणारे-जाणारे थांबले. गुलाबी गाडी दोन क्षण थांबली आणि मग निघाली की हो निघाली, वरवंट्यासकट चाचांच्या पोटात. ब्रेक एकाच चाकाला धरत होता.

त्यानंतर चार गाड्या झाल्या, आण्णा, आणि मला इतकी मजा कितीक वर्षांत आली नव्हती. चाचांनाही चेव चढला, ते आतून काढून आणून देत होते. शेवटी एक करडी, साधी. गादी सपाट आणि घट्ट, बुड रुंद, पट्टा दोन्ही खांद्यांवरून, कमरेवरून आणि पायांमधून येणारा, आणि पायानं एकच कळ दाबली की मागची दोन्ही चाकं खट् करून बांधली जातात. तो खट् ऐकला आणि मला तुमची शेड आठवली. उतारावर सोडली, हलली नाही. मी वरून जरा ढकललीही, तरी हलली नाही. चाचा म्हणाले, घ्या आता, नाहीतर तुमच्या वरवंट्यालाच मूल समजून गल्ली बारशाला यील.

रिक्षात मात्र आठवलं. लेकीला गुलाबी आणते म्हणून गेले होते. ती दारातच उभी होती, बाळ खांद्यावर. करड्या गाडीकडे बघून म्हणाली, "आई, ही दवाखान्यातल्यासारखी दिसते." आणि लगेच, माझा चेहरा बघून, "असू दे, चांगली आहे." ते 'असू दे' मी ओळखते. तसलंच काहीतरी मी स्वतः एकदा म्हटलेलं आहे. तिला मी गाडीसकट गल्लीत नेलं, वरवंटा तिच्या हातात दिला आणि सांगितलं, तूच बघ घालून, आणि नाही आवडली तर तोंडावर सांग, चाचा बदलून देणार आहेत. फक्त मी केलं तसं करू नकोस. तिनं विचारलं, काय केलंस तू? म्हटलं, आधी तुझ्या आजोबांना सांगते, मग तुला. तिनं उतारावर गाडी सोडली, तीनदा सोडली. मग म्हणाली, "रंग नाही आवडला. ब्रेक आवडला." यापेक्षा चांगलं बक्षीस मला कुणी दिलेलं नाही. आज सकाळी बाळ त्यात दीड तास झोपलं, दारातल्या कोवळ्या उन्हात, आणि मी शेजारी पाटावर बसून नुसती बघत होते.

आता ते सांगायचं. लेक झाली तेव्हा तुम्ही सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये बसून गाडी बनवलीत. बारीक लोखंडी अँगलचा सांगाडा, ट्रॉलीची रबरी चाकं, आईनं शिवलेली गोधडी, आणि रंग तोच कारखान्याचा हिरवा. एसटीच्या टपावर बांधून इथं साताऱ्याला आणलीत. तुम्ही परत गेलात त्याच संध्याकाळी शेजारच्या बायका हसल्या, सिलिंडरची गाडी पाठवली म्हणाल्या बापानं. सासरी नवी होते मी, मला लाज वाटली. तुमची नव्हे, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण तुमचीच वाटली. लेक त्या गाडीत एकदाही झोपली नाही, आण्णा. त्यातून खरंच गॅसचा सिलिंडर यायचा. दिवाळीनंतर तुम्ही आलात आणि विचारलंत, झोपती का गं त्यात? मी म्हटलं, लय छान झोपते.

काल संध्याकाळी ती गाडी जिन्याखालून काढली. वरवंटा घातला, उतारावर नेली, ब्रेक लावून सोडली. जागची हलली नाही. खडू शोधून तिच्यावर बरोबरची खूण केली. अठ्ठावीस वर्षं उशीर झाला, पण वजन टाकून केली. तुम्ही गेलात तिथं हे पत्र टाकायला पेटी कुठली, बारसं झालं की लेकीच्याच हातात देईन.

एवढंच राहिलं. दिवाळीनंतरच्या त्याच खेपेला तुम्ही चाकांना तेल घालायला खाली बसलात आणि गोधडी उचललीत. खाली पत्र्यावर सिलिंडरच्या बुडाची गंजलेली गोल खूण होती. तुम्ही तिच्यावरून अंगठा फिरवलात, गोधडी पुन्हा नीट अंथरलीत आणि म्हणालात, "ब्रेक लावत जा, उतार हाय." मी दाराआड होते. मी सगळं बघितलं होतं, आण्णा, आणि तरी चहा टाकायला आत गेले.