काढून घेतलेला नमस्कार

प्रिय दोमेनिका,

हे पत्र तुझी भाची मार्तीना तुला वाचून दाखवेल. तिला म्हणावं, सावकाश वाच आणि लाज वाटेल तिथे अडखळू नकोस. ती लाज माझी आहे.

अकरा वर्षांपूर्वी माझी लोरेदाना समुद्रावर एका मुलाच्या हातात हात घालून फिरत होती, हे कुणीतरी माझ्या नवऱ्याच्या कानावर घातलं. त्याने आठवड्याच्या आत तिला तोरिनोला काकाकडे धाडलं आणि पोर तिकडचीच झाली. त्या संध्याकाळी तिथल्याच झाडांखाली तू बसली होतीस, एवढ्यावरून मी ठरवून टाकलं की चुगली तुझीच. तुला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखी "काय गं सान्तिना" म्हणालीस आणि मी समोर, पाण्यापलीकडच्या मेस्सिना शहराकडे बघत चालती झाले, तेही सगळं गाव किनाऱ्यावर फिरायला येतं त्या संध्याकाळी सातच्या भर गर्दीत. आपल्या रेज्जोत भांडायला आवाज चढवावा लागत नाही. नमस्कार काढून घेतला की जेवणाच्या वेळेपर्यंत गावभर होतं. तू तीन दिवस मला हाक मारलीस. चौथ्या दिवशी मारली नाहीस.

चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही टोमॅटोचा रस बाटल्यांत भरत होतो. नणंद पिना हसत हसत म्हणाली, "अगं, दादाला ते मीच सांगितलं होतं. तुला माहीत नव्हतं होय?" आणि पुढची बाटली मागितली. त्याच संध्याकाळी तुझ्या दारात यायला हवं होतं. आले नाही. सात वर्षं ताठ मानेने चालली आणि आता नाक घासतेय, असं लोक म्हणतील, ही भीती. तुझा काही दोष नाही हे माहीत असून पुढेही मी रोज तोंड फिरवून तुझ्या शेजारून गेले. आधीची चूक तरी अजाणता झाली होती. ही समजून उमजून केली.

मग तुझी दृष्टी गेली. मार्तीना इथे नवीन, तिला आपलं काय ठाऊक? गेल्या महिन्यात तिने नेमकं मलाच थांबवलं. "काकू, आत्याला जरा धरता? मी एक फोन करून येते." तू माझ्या दंडात हात घातलास, नाव विचारलंस आणि मी खोटंच सांगितलं, कोन्सोलाता. तेव्हापासून आपण रोज फिरतो. लोक वळून बघतात, आणि मला मनातून वाटत होतं, बरं झालं, काही न बोलता सुटले. एकदा मी न विचारता तुझ्यासाठी तुझं आवडतं लिंबाचं आइस्क्रीम आणलं. तू चाटून संपवलंस आणि तुझी आवड मला कशी कळली, हे विचारलंसुद्धा नाहीस.

काल बाकावर टेकताना तू म्हणालीस, "कोन्सोलाताबाई, इथे माझी एक मैत्रीण फिरते, सान्तिना. डावी चप्पल घासत चालते, अगदी तुमच्यासारखी. भेटली तर माझा नमस्कार सांगा." मी "सांगते" म्हणाले आणि घरी येऊन खूप रडले. तुझा निरोप पोचला, दोमेनिका, म्हणून हे लिहिते आहे. उद्या सात वाजता मी त्याच बाकापाशी उभी राहीन आणि सगळ्यांदेखत, माझं नाव सांगून, तुला नमस्कार करीन. तू तोंड फिरवलंस तर तो तुझा हक्कच आहे. मी चौथ्या दिवशीही हाक मारीन.

तुझीच, इतकी वर्षं म्हणायची हिंमत न झालेली,
सान्तिना