पोळ्याचा पहिला कासरा

ज्येष्ठ शुद्ध ७, शके १८५८

मी, व्यंकटराव वल्द चंद्रभान पाटील, वय वर्षे सत्तर, धंदा शेती, शिक्षण इयत्ता चौथी (उत्तीर्ण), राहणार मौजे धामणदरी, पेडगाव स्टेशनापासून दोन कोस, जिल्हा परभणी, लिहून ठेवतो की या वहीत जे लिहीन ते खरे लिहीन. खोटे लिहून फसवावे असा दुसरा वाचकच या वहीला नाही.

कारण असे. माझा भाऊबंद दिनकरराव याने तहसिलीत दरखास्त दिली आहे. पोळ्याच्या दिवशी वेशीतल्या तोरणाखालून पहिली बैलजोडी आमची जाते. वडिलांची गेली, आजोबांची गेली, माझी पस्तीस वर्षे जात आहे. दिनकररावाचे म्हणणे की थोरली पाती त्याची, धाकटी आमची, आणि हा मान आम्ही आजवर दडपून घेतला. दडपून!

दरखास्तीत दुसरा मुद्दाही आहे. "व्यंकटरावास पुत्र नाही. गुडघे गेले आहेत. उद्या मानाचा कासरा घरजावयाच्या हाती जाईल व गावाची बेअब्रू होईल."

खेदाने नमूद करतो की या दुसऱ्या मुद्द्यावर माझे आणि दिनकररावाचे मत एकच आहे.

ज्येष्ठ शुद्ध ९

घरजावई म्हणजे मुंजाजी. माझी एकुलती मुलगी चतुराबाई हिचा नवरा. अठरा वर्षे या घरात आहे. नांगरट, पेरणी, बैलांचे वैरणपाणी, सर्व त्याच्याकडे. काम चोख आहे, हे मान्य. परंतु जो पुरुष स्वतःचा उंबरठा सोडून सासऱ्याच्या उंबरठ्याआत निजतो, त्याला चावडीत काय तोंड असणार? मी त्याला 'ए मुंज्या' म्हणतो. तो मला 'मामा' म्हणतो. शिक्षण सहावी. माझ्याहून दोन इयत्ता अधिक. त्याने काय होते? दोन इयत्तांनी उंबरठा बदलत नाही.

आज जेवताना मी नेहमीची म्हण म्हटली, "जावयाचे पोर हरामखोर." नातू शेजारीच बसला होता. आमचे कुटुंब, धुरपताबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "त्ये हरामखोर तुमचीच गादी चालवायलंय. गपचिप जेवा."

तिला वंशाची काही किंमत नाही. मूळ पुरुष लिंबाजी यांची तलवार तिने दोरखंडे अडकवायला घेतली आहे. लिंबाजी! घोड्यावरून एकटे आले, तलवारीच्या पात्यावर पाटीलकी मिळविली. सर्व गाव हेच सांगते. सांगणारा पहिला मी, ही गोष्ट वेगळी.

ज्येष्ठ वद्य २

परभणीस गेलो. तहसिलीत पेशकारांनी तीन तास बसविले, नंतर आमच्या घराण्याची मिसल, म्हणजे जुन्या कागदांचे बाड, काढली. मिसलीत वाळवी. वाळवीने आजोबांपर्यंत सोडले, त्यावरचे सर्व खाल्ले.

पेशकार म्हणाले, "पाटीलसाब, थोरली पाती कोणची, त्ये वर ऱ्हायलं. वरचं किड्यानं खाल्लं. आता किड्याला पूछो."

मी म्हटले, किड्याचे दस्तखत चालत असेल तर आणतो. ते हसले नाहीत. सरकारी माणूस चहा पाजल्याशिवाय हसत नाही.

हुकूम असा की, महसुलाचे गिरदावर साहेब श्रावण वद्य चतुर्दशीस गावी येतील. त्याच्या आत पिढ्यांचा कागद दाखल करावा. न केल्यास पहिली जोडी दिनकररावाची.

मग कुलकर्णी बन्सीधरपंतांनी वाट दाखविली. "व्यंकटराव, त्र्यंबकेश्वरी तुमच्या उपाध्यायांकडे वही असते. तुमच्या घरातून जो जो तिथं गेला, त्यानं आपली वंशावळ सांगितली आणि त्यांनी ती लिहून ठेवली. त्या वह्यांना वाळवी लागत नाही. दक्षिणा लागते."

ज्येष्ठ वद्य ८

पेडगावाहून गाडी धरली. मनमाडास बदलली. मुंजाजीस सोबत घेतले, गाठोडे धरण्यापुरते. डब्यात एकाने विचारले, "मुलगा का?" मी सांगितले, "नाही. जावई. घरातला." तो गृहस्थ 'अस्सं' म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. मुंजाजीही खिडकीबाहेर पाहू लागला. खिडकीबाहेर काही नव्हते.

ज्येष्ठ वद्य १०

त्र्यंबक. कुशावर्तावर स्नान. पाणी असे की पूर्वज आठवावेत, आणि आठवले.

उपाध्याय शुक्ल म्हातारे आहेत, माझ्याहूनही. गावाचे नाव सांगताच मागल्या खोलीतून लाल बासनातली वही आणली. पाने मोडीत. मोडी मला येते. परंतु अक्षर मुंगीएवढे, आणि चष्मा मी लावत नाही. चष्मा हे कारकुनाचे लक्षण आहे. म्हणून त्यांनाच वाचावयास सांगितले. मुंजाजी माझ्या खांद्यामागे समई धरून उभा होता.

त्यांनी वाचले, "शके सोळाशे नव्वद. मौजे धामणदरी. लिंबाजी—" येथे थांबले. तपकीर काढली. चष्म्यावरून माझ्या मागे कुठेतरी पाहिले. एकदा खोकले. मग, "—भार्या तानुबाई. पुत्र थोरले राणोजी, धाकटे खंडोजी."

राणोजी! आमचे राणोजी! खंडोजी म्हणजे दिनकररावाची पाती. डोळ्यांत पाणी आले. ते तपकिरीमुळे, असे मी उपाध्यायांस सांगितले.

नक्कल मागितली. त्यांनी वहीवरून उतरून, सही करून, नळीत घालून दिली. उघडून पाहण्याची गरज नव्हती. कानांनी ऐकले होते.

निघताना त्यांनी माझे नाव वहीत लिहिले. "आणि हे बरोबरचे? यांचेही नाव सांगा."

मी म्हटले, "त्याचे नको. तो आमचा माणूस आहे, गाठोड्यासाठी आणला."

मुंजाजी तेव्हा समई विझवीत होता.

आषाढ शुद्ध २

गावात सांगितले नाही. फक्त चावडीत, पारावर आणि न्हाव्याकडे सांगितले. दिनकरराव समोरून आला. मी मिशीला पीळ दिला. तो म्हणाला, "दादा, मिशीला गूळ लागला का काय?"

लागला आहे. श्रावणात तू चाखशील!

श्रावण शुद्ध ३

आज लिहावयास हात चालत नाही. तरी शपथ घेतली आहे, म्हणून लिहितो.

बन्सीधरपंत लेकीकडे पूर्ण्यास गेले होते, ते आज परतले. दाखल करण्यापूर्वी नक्कल त्यांच्याकडून बाळबोधीत उतरवून घ्यावी म्हणून नळी उघडली. ते मोठ्याने वाचू लागले.

"मौजे धामणदरी. लिंबाजी, घरजावई, आबाजी पाटील यांचे. सासऱ्यास पुत्र नसल्याकारणे मान व कासरा जावयाकडे. भार्या तानुबाई. पुत्र थोरले राणोजी—"

पंत थांबले. मग त्यांचे पोट हलू लागले. मग खांदे. मग पगडी.

"व्यंकटराव," म्हणाले, "तलवार कुठं गेली हो?"

मी पुन्हा वाचावयास सांगितले. पुन्हा तेच. घोडा नाही, तलवार नाही. लिंबाजी आले ते सासुरवाडीच्या जेवणाला, आणि उठलेच नाहीत.

म्हणजे राणोजी कोण? जावयाचे पोर. आणि जी म्हण मी अठरा वर्षे मुंजाजीच्या पानात वाढत आलो, ती सहा पिढ्या माझ्याच पानात वाढलेली होती.

पंत म्हणाले, "एका शब्दावर शाई सांडू का? माझा हात कापतो, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे."

मी नळी उचलून घरी आलो.

श्रावण शुद्ध ४

लिहिण्यासारखे काही नाही.

श्रावण शुद्ध ५, नागपंचमी

उपाध्यायांस कडक पत्र लिहिले. आपण वाचले एक आणि लिहून दिले दुसरे, हा कोणता धर्म? वही खरी की वाणी खरी? उलट टपाली खुलासा करावा.

पत्र पेटीत टाकावयास मुंजाजीच गेला. विचारले नाही की कोणाला, कशासाठी.

श्रावण वद्य ५

उत्तर नाही.

अडचण अशी आहे. नक्कल दाखल केली तर मी थोरल्या पातीचा ठरतो आणि त्याच दमात घरजावयाचा वंशज ठरतो. दोन्ही एकाच ओळीत आहेत. अर्धी ओळ फाडता येत नाही. दाखल केली नाही तर दिनकररावाची जोडी पुढे, आमचे बैल तांबड्या-कवड्या मागे, आणि मी त्यांच्याही मागे.

धुरपताबाईस सांगितले. एवढी हसली की तवा करपला. "मंजे तुमी बी आमच्या मुंजाजीच्याच जातीचे! बरं झालं. सोयरीक चांगली जुळली म्हणायची."

मी म्हटले, हा हसण्याचा प्रसंग नाही.

"न्हाई कसा? अठरा वर्सं त्यो पोरगा खाली मान घालून ऐकायलाय. आता तुमी येक दिवस ऐका."

चतुरा तिथेच होती. ती हसली नाही. ताट उचलून आत गेली. तिच्या न हसण्याने अधिक लागले.

श्रावण वद्य १३

उत्तर नाही. शाईची दौत दोनदा नकलेजवळ नेली. दोनदा परत ठेवली. इयत्ता चौथीत गुरुजींनी शिकविले होते की सरकारी कागदावर खाडाखोड करणाऱ्याचे बोट झडते. बोट झडत नाही हे मला ठाऊक आहे. तरी नाही केली.

श्रावण वद्य १४, खांदमळणी

सकाळी बैलांचे खांदे तूपहळदीने मळले. आमंत्रण दिले— आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. तांबड्याने माझ्या धोतरास तोंड पुसले.

दुपारी गिरदावर साहेब चावडीत बसले. सर्व गाव जमले. दिनकरराव नवे धोतर नेसून आला होता, निकाल लागल्याप्रमाणे. मुंजाजी नेहमीप्रमाणे दाराशी, लोकांनी काढलेल्या जोड्यांच्या रांगेजवळ उभा.

बाळबोध प्रत मीच वाचली. सकाळीच पंतांकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतली होती. 'लिंबाजी' पर्यंत आलो आणि कागद खाली घेतला.

साहेब म्हणाले, "पूरा पढो, पाटीलसाब. आधा कागज नहीं चलता."

मग पूर्ण वाचले. 'घरजावई' हा शब्द मी सत्तर वर्षांत इतक्या स्पष्ट उच्चारात कधी म्हटला नव्हता.

मग चावडीचे पत्रे उडतील असे हसू! न्हावी तर गडबडा लोळला. दिनकरराव ओरडला, "दादा, ह्ये काय वाचायलाव! मंजे तुमी जावयाचे पोर, आन् मी बी जावयाचंच पोर?"

"होय," मी म्हटले. "परंतु मी थोरले, तू धाकटे."

निकाल माझ्या बाजूने. दुसऱ्या मुद्द्यावर साहेब म्हणाले, "जिस पटेल घराने का मूलपुरुष ही घरदामाद, उसके गाव को दामाद से क्या ऐतराज? खारीज."

मी दाराकडे पाहिले. वाटले मुंजाजी हसत असेल. आजचा दिवस त्याचा होता. हसला असता तर मी काही बोलू शकलो नसतो. तो मान खाली घालून लोकांनी तुडविलेले जोडे जागेवर लावीत होता.

उद्याचा कासरा मात्र मीच धरीन. खारीज झाले ते दिनकररावाचे म्हणणे, माझे नव्हे. गुडघ्यांचे मी पाहून घेईन.

श्रावण अमावास्या, पोळा

सकाळी टपाल आले. शुक्ल उपाध्याय लिहितात:

"वही खरी, नक्कल खरी. वाणीत दोन ओळी गाळल्या, त्याचे कारण आपल्या मागे समई धरून उभे होते. त्यांनी पान आधी वाचले आणि आपल्या खांद्यामागून, समईसकट, मला हात जोडले. आपण कुशावर्तावर निरोप घेत असता परत येऊन म्हणाले, म्हातारा जीव लय लांबून आलाय, हितं तरी ताठ मानेनं जाऊ द्या. नकलेतील अक्षर गाळणे आमच्या हाती नाही. त्यांचे नाव वहीत लिहावयाचे राहून गेले आहे, ते कळवावे."

म्हणजे दोन महिने त्याला ठाऊक होते. दोन महिने माझी म्हण त्याने जेवता जेवता ऐकली. एका शब्दात मला गप्प करता आले असते.

वेशीत वाजंत्री वाजू लागली. मी म्हटले, "जावईबापू, कासरा धरा."

तो म्हणाला, "मामा, कुनाला म्हणायलाव?"

पहिली जोडी मुंजाजीने नेली. मी मागून चाललो. त्र्यंबकास नाव कळविले आहे, बापाच्या नावासह, मौजे धामणदरीचे म्हणून.

समक्ष हजर: धुरपताबाई, जिने डोळे पदराने पुसले आणि मला तपकीर हवी का म्हणून विचारले. चतुराबाई. कुलकर्णी बन्सीधरपंत. दिनकरराव, जोडीसह, दुसरा. तांबड्या व कवड्या. आणि मुंजाजी, याची साक्ष ज्येष्ठ वद्य दशमीपासूनची.