शितलची उलटी गिरकी

मु. मांडवगण फराटा, मे १९९८

ती. हौसराव दाजी यांस मल्हारीचा दंडवत. ताईची कंबर आता कशी हाय? इकडं आम्ही सगळी खुशाल. (म्हंजी कालपातूर होतो.)

पत्रास कारण तुमची शितल. सुट्टीला मामाकडं आली ती स्केटिंगचे चाकाचे बूट गळ्यात घालून. पुढल्या महिन्यात पुण्याला निवड हाय, उडी मारून पायावर उभी राहिले न्हाई तर घरी बसावं लागंल, असं रडकुंडीला येऊन सांगत होती. तुमच्या दौंडच्या स्केटिंगच्या मास्तरांनी बजावलेलं, उडी आधी बिनचाकाची शिक, सुरुवातीलाच चुकीची सवय लागली तर जन्मभर जायची न्हाई. म्हणून उडायचं, हात छातीशी आवळायचे, डावीकडं एक गिरकी, आन् उजव्या पायावर पाठमोरं उतरायचं. आता गावात गुळगुळीत फरशी एकच, देवळाच्या मंडपातली. तिथं काल घेऊन गेलो.

पोरगी उडायची आन् दर बारीला भुईवर बसायची. तेवढ्यात आमची कारभारीण धुरपदा नारळ घेऊन आली, बघितलं आन् कपाळाला हात लावला. देवाच्या दारात उलटी प्रदक्षिणा? पडंल न्हाई तर काय व्हईल! मी म्हणलं, अगं, ही प्रदक्षिणा न्हवं, खेळ हाय. (तुम्ही तिला कवातरी समजावून बघा.) तिनं पोरीला धरून उजवीकडं वळवली, म्हणली, आता उड. अवो दाजी, पोरगी उडाली, फिरली आन् डाव्या पायावर अशी उतरली, की पुजारी घंटा वाजवायचं विसरला! पुन्हा उडाली, पुन्हा तशीच. गुडघा वाकलेला, पाठ ताठ, हात पसरलेले. सगळं मास्तर सांगत्यात तसंच, नुसती बाजू दुसरी. माझ्या तर डोळ्यात पाणी आलं. तवा शितल हळूच म्हणली, मामा, मला पहिल्यापासनं हिकडूनच येतंय, पण मास्तर म्हणत्यात, सगळ्या पोरी डावीकडं फिरत्यात, तूबी फिर.

ताईला नमस्कार.

आपला,
मल्हारी

ता. क. मास्तर पोरीचं ऐकायचे न्हाईत. तुम्ही बाप हायसा, तुम्हीच जाऊन सांगा, तिला तिच्या बाजूनं फिरू द्या म्हणावं. पण गोडीनं, चहा पाजून.

आणखी ता. क. आत्ताच कळलं, धुरपदा सकाळच्या एसटीनं दौंडला गेली. मास्तरांनाच उजवीकडून फिरवून आणते म्हणली. हे पत्र पोचायच्या आत ती पोचलेली असंल. तवा चहाचं राहू द्या, मास्तरांची तब्येत तेवढी कळवा.