परतीच्या गाडीत कांदे

बाबा, तुमच्या मासळीच्या गाडीतून आता कांदे येतात. रागवा हवं तेवढं, यायचे थांबणार नाहीत. मालवणहून बांगडा भरून कोल्हापूरला जायचं आणि येतानाही भरूनच यायचं, असं मी ठरवलंय. तुमचा नियम मला पाठ आहे: मासळीची गाडी परतीला रिकामीच येते, दुसऱ्याचा माल ओढणं आपल्या इभ्रतीला शोभत नाही. कसली डोंबलाची इभ्रत!

मी दहावीत होते, सुट्टीत तुमच्या शेजारी बसून येत होते. आंबोलीचा घाट उतरतोय, मागे रिकाम्या पेट्या खडखडतायत. समोरून भाजीवाल्याची गाडी येते, मालवणात माल उतरवून तीही रिकामीच, काळा धूर ओकत चढतेय. तुम्ही ऐटीत हॉर्न देता, तोही देतो. मी नाकाला ओढणी लावून विचारते, "बाबा, दोघंय रिकामे, मगे ह्यो धूर कोणासाठी?" तुम्ही चहाच्या टपरीवर गाडी थांबवलीत. तिथे सगळ्यांसमोर म्हणालात, "माका शानपण शिकवू नको. माशाक कांद्याची संगत नाय." लोक हसले. मला अजून राग येतो.

आता गाडी माझ्या नावावर आहे. कोल्हापुरात ती धुऊन घेते, पेट्या पुढे रचते, मागे ताडपत्रीवर पोती. आम्ही माल आणतो म्हटल्यावर इथल्या भाजीवाल्याने आपली एक गाडी घाटात पाठवणंच बंद केलं. दोन गाड्यांचा धूर एकीवर आला, बाबा! तुमच्या वेळी दारात यायचा तो बांगडा आता लांब पळालाय, समुद्र तापलाय म्हणतात. मग आपणच फुकटचा धूर कशाला करायचा? तुमच्या जुन्या ड्रायव्हरकाकांनी मात्र चावी माझ्यासमोर आपटली. "माशाच्या गाडयेत कांदे? लोक तोंडात शेण घालतीत! बापाशीक काय वाटला असता?" मी म्हटलं, "काय वाटाचा ता वाटांदे. तुमी नाय तर मी चालवतंय." पहिली खेप मीच चालवली. कांद्यांना वासबिस काही लागला नाही. काका आठवड्याने आपणहून आले, तोंड फुगवून, पण आले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? वाचायला तुम्ही नाहीत, म्हणूनच एवढं तोंड सुटलंय. आज तुम्ही हयात असता, तर पहिलं पोतं चढवायची माझी छाती झाली नसती.